बागेला तिकीट कधीपासून?

वाळूजला राहणाऱ्या माणसाला पाहुणे हमखास एक प्रश्न विचारतात, 'तुमच्याकडे बघायला काय आहे?' वेरूळ, दौलताबाद, पाणचक्की ही उत्तरं शहराची झाली. खास वाळूजचं काय, असं विचारलं की आपण जरा गडबडतो. कारखाने आहेत म्हणावं, तर कारखाना कोणी आतून दाखवत नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र या प्रश्नाला एक नवं उत्तर मिळालं आहे. नगर रस्त्याला लागा, दौलताबाद-खुलताबादकडे वळा किंवा पैठणच्या बाजूला जा. मधूनमधून फलक दिसतात. निसर्गाच्या सान्निध्यात एक दिवस. कुटुंब, मित्रपरिवार आणि ऑफिसच्या मंडळींसाठी. आत झाडं, हिरवळ, झोपाळे, बैलगाडीची चक्कर, पोरांना डुंबायला कुंड, चुलीवरची भाकरी आणि थंडीत हुरडा. माणशी अमुक रुपये, पाच वर्षांखालच्या मुलांना माफ.

मी वाळूजच्या एका कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढली. निवृत्तीनंतर इतिहासाची पुस्तकं वाचायचा नाद लागला. तेव्हा हे फलक पाहताना माझ्या मनात येतं ते असं की, आपल्या या भागात 'बागेत जाणं' ही गोष्ट आली कुठून? कोणाची होती ती? आणि तिला फाटक आणि तिकीट कधी लागलं?

बागेच्या आधी पाणी, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. १६१० साली मलिक अंबरने खडकी गावी आपली राजधानी वसवली. नावच खडकी! खडकाळ माळावर शहर वसवायचं तर पाणी आधी हवं. उत्तरेकडच्या डोंगरातून जमिनीच्या पोटातल्या बोगद्यांनी त्याने पाणी आणलं. तीच नहर-ए-अंबरी. कुठे उपसा नाही, मोट नाही, नुसत्या उतारावर पाणी वाहत शहरात येई. अंबर ज्या निजामशाहीत वाढला तिच्या राजधानीला, म्हणजे आपल्या याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) ही विद्या अवगत होती. तिथला फराहबाग १५८३ साली पुरा झाला. तळ्याच्या मधोमध महाल, आणि तळं भरायला दुरून आणलेलं पाणी. तेव्हा वाळूजवरून जाणारा हा रस्ता ज्या दोन शहरांना जोडतो ती दोन्ही, एका अर्थी, नहरीवर जगलेली शहरं आहेत.

पुढे १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि शहराचं नाव औरंगाबाद झालं. मग मोगली बागा आल्या. मोगलांचं बागेचं वेड जुनं. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानात वाहतं पाणी नाही म्हणून कुरकुर केलेली आहे. बीबी का मकबरा आपण छोटा ताज म्हणून पाहतो, पण तो मुळात एका बागेत उभा आहे. सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद असं आवार, पाण्याच्या पाटांनी चौकोनांत विभागलेलं. चारबाग म्हणतात ती ही. दिलरास बानू बेगम १६५७ मध्ये वारली, त्यानंतर हे काम झालं. खर्चाचा जुना आकडा ६,६८,२०३ रुपये असा सांगितला जातो. त्यात संगमरवर, कारागीर सगळं आलं. खुलताबादला बनी बेगम बाग आहे, तीही अशीच एका कबरीभोवतीची. म्हणजे आपल्याकडच्या देखण्या बागा निम्म्याअधिक कबरीभोवती आहेत, ही गंमतच म्हणायची. आणि किल्ले-अर्कच्या बाजूची ती मोठी बाग, सुमारे तीनशे एकरांची, जिला पुढे निजामाच्या काळात हिमायत बाग हे नाव मिळालं. त्या बागेत आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळसंशोधन केंद्र आहे. जुन्या शहरातले लोक तिथल्या आंब्यांबद्दल अजूनही हळवे होऊन बोलतात.

पण या बागांत सामान्य माणूस जात होता का? बागवान जात होता, माळी जात होता, पाट उपसणारा जात होता. सहकुटुंब हवा खायला नव्हे. राजबाग ही भिंतीआड असायची. तिचं फाटक राखायला पहारेकरी होता, तिकीटवाला नव्हता, एवढाच काय तो फरक.

याला औरंगाबादेत एक अपवाद होता, आणि तो मला साऱ्या बागांपेक्षा मोठा वाटतो. पाणचक्की. बुखारा प्रांतातून आलेले बाबा शाह मुसाफिर या सूफी संताचा हा तकिया. नाव बघा, मुसाफिर! अठराव्या शतकात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी काही किलोमीटरवरून मातीच्या नळांनी इथे आणलं गेलं. ते भिंतीच्या उंचीवरून खाली पडतं आणि त्याच्या जोरावर चक्की फिरते. त्या चक्कीवर दळण दळलं जाई ते तकियातल्या फकिरांसाठी, येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि छावणीतल्या शिपायांसाठी. समोर लांबलचक हौद. त्या हौदाखाली एक मोठं दालन आहे. हौदाचा तळ म्हणजे या दालनाचं छत. वरती पाणी, खाली माणसं. मे महिन्यात तिथे बसलेल्याला काय वाटत असेल ते औरंगाबादचा उन्हाळा काढलेल्यालाच कळेल. शेजारी भला थोरला वड. पीठ, पाणी, सावली आणि टेकायला जागा. येणारा कोण, कुठला, हे विचारायची पद्धत नव्हती. सार्वजनिक बाग हा शब्द आपल्याकडे आला नव्हता तेव्हाची ही सार्वजनिक बाग. आता तिथेही तिकीट आहे, पण ते राहू द्या.

विलायतेत ही कल्पना कायद्याच्या आणि कराच्या वाटेने आली. लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेड गावी १८४७ साली सरकारी पैशातून एक बाग सर्वांसाठी खुली झाली. जोसेफ पॅक्स्टनने तिची आखणी केली होती. गिरण्या आणि गोद्यांच्या धुरात राहणाऱ्या माणसाला रविवारी चार झाडं दिसावीत, हा हेतू. तीन वर्षांनी फ्रेडरिक ओल्मस्टेड नावाचा एक अमेरिकन तरुण ती पाहून भारावला आणि पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी करणाऱ्या दोघांपैकी एक झाला. मुंबईची राणीची बाग १८६०च्या दशकातली. म्हणजे बाग आली. पण बागेत जायला आणखी एक गोष्ट लागते, आणि ती इंग्रजाने दिली नाही. ती म्हणजे सुटी.

हा भाग मला जरा सावकाश सांगायचा आहे, कारण वाळूजसारख्या ठिकाणी तो प्रत्येक घरात माहीत असायला हवा आणि बहुतेक घरांत माहीत नसतो. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम, तेही रोज. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, पाच हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज केला. मागण्यांत पहिली रविवारच्या सुटीची. मालकांनी दाद दिली नाही. सहा वर्षं ही लढाई चालली. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. साहेबाला रविवार चर्चसाठी हवा होता हे खरं, पण लोखंड्यांनी सांगितलेलं कारण आपल्या मातीतलं होतं. रविवार हा खंडोबाचा वार. आमच्या इथे शहराच्या दक्षिणेला साताऱ्याचा खंडोबा आहे. चंपाषष्ठीला तिथे जत्रा भरते. यळकोट करून परतणाऱ्या वाळूजच्या किती कामगारांना ठाऊक असेल की त्यांची आठवड्याची सुटी याच देवाचं नाव घेऊन मागितली गेली होती?

आता वाळूजकडे येतो. गंगापूर तालुक्यातलं हे जुनं गाव, खाम नदीच्या काठचं. आजूबाजूला ज्वारी-बाजरीचं रान. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये बजाजचा कारखाना इथे सुरू झाला आणि दहा-पंधरा वर्षांत सगळी पंचक्रोशी बदलली. रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव, पंढरपूर, ही नावं गावांची राहिली, पण रूप वसाहतीचं झालं. बजाजनगर तर कारखान्याच्याच नावाने उभं राहिलं. माणसं आली ती लातूर, बीड, परभणी, नांदेड, जालना, बुलढाण्याहून. बहुतेकांची घरी शेती, पण कोरडवाहू. एका खोलीत चार-चार जण, तीन पाळ्या आणि ज्याची त्याची सुटी वेगळ्या वारी. लोखंड्यांचा रविवार सगळ्यांच्या वाट्याला रविवारीच येतो असं नाही.

या माणसांनी सुटीच्या दिवशी जायचं कुठे? शहरात सिद्धार्थ उद्यान होतं, महापालिकेचं. बसने जायचं, पोरांना वाघ दाखवायचा, भेळ खायची आणि परत. आणि दुसरं म्हणजे पैठण. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं, आणि धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभं राहिलं. रंगीत कारंजी, गुलाबाचे ताटवे. मराठवाड्यातल्या शाळांच्या सहलींचं ते ठरलेलं ठिकाण. आमच्या पिढीतल्या कितीतरी जोडप्यांचा लग्नानंतरचा पहिला फोटो या बागेतला आहे. पुढे देखभालीअभावी तिची रया गेली. कारंजी बंद, पाट कोरडे. दुरुस्तीच्या घोषणा वर्तमानपत्रांत अनेकदा वाचल्या. सरकारी बाग तयार करायला एक उद्घाटन पुरतं, चालवायला रोजचा माळी लागतो, आणि माळ्याच्या पगाराला कोणी फीत कापायला येत नाही.

सरकारी बाग सुकली आणि खासगी बाग फुलली, हे एकाच सुमाराला घडलं. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आलं आणि तिकीट काढून दिवसभर करमणूक ही चाल रूढ झाली. ते पाळण्यांचं आणि यंत्रांचं जग होतं; २०२२ मध्ये ते बंद पडलं. पण त्याच ऐंशीच्या दशकात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी आपल्या सगुणा बागेत शहरातल्या माणसांना शेत दाखवायला सुरुवात केली होती. यंत्र नाही, म्हैस, तळं, भात, रान. पुढे बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी शेतकऱ्यांना या वाटेवर आणलं. २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटनाचं धोरणच मंजूर केलं. म्हणजे निसर्ग हाच आता पाहायला जायचा विषय झाला. आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, 'बैलगाडीत बसायला पैसे? कोण कोणाला देतं?'

औरंगाबादच्या बाजूला या सगळ्याला पैसाही आला. २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, पासष्ट कोटींच्या. देशभर बातम्या झाल्या. त्या गाड्यांना रविवारी कुठेतरी जायला हवंच होतं! पण ही निसर्ग-उद्यानं चालली ती काही मर्सिडीजवाल्यांवर नाही. ती चालली कारखान्यांच्या आणि ऑफिसांच्या सहलींवर, बचत गटांवर, शाळांवर, भिशीच्या बायकांवर आणि हुरड्यावर.

हुरडा हा आपल्याकडचा खरा वनविहार. मार्गशीर्ष-पौषात ज्वारी दाण्यात भरली, दाणा अजून दुधाळ असला की शेतातच गोवऱ्यांची आगटी पेटवायची. कणसं त्यात भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरं, उसाची कांडकी. पूर्वी हुरडा विकत नसे. शेतकरी बोलावी आणि तुम्ही जायचे. मास्तर, पोस्टमन, तलाठी, सोयरे, ज्याचं कर्ज आहे तो सावकारसुद्धा. गूळभेंडीसारखे गोड दाण्याचे वाण बांधाला चार ओळी मुद्दाम पेरले जात, ते याच पाहुण्यांसाठी. आता परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी वसंत' आणि राहुरीने 'फुले मधुर' असे खास हुरड्याचे वाण काढलेत. हे चांगलंच झालं, शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो. पण एक विसंगती डोळ्यांत भरते. मराठवाड्यात कापूस, मका, सोयाबीन वाढत गेलं आणि ज्वारीचं रान कमी कमी होत गेलं. कडबा नाही म्हणून जनावर नाही, जनावर नाही म्हणून गोवरी नाही. अशा वेळी हुरडा पार्टीचे फलक मात्र वाढले. ज्या गोष्टी रोजच्या होत्या त्यांचं तिकीट निघालं ते त्या दुर्मिळ झाल्यावर, असा माझा तरी हिशेब आहे.

या उद्यानांना मी नावं ठेवत नाही. पोरांनी मोटेची विहीर पाहिली, कणीस हाताने चोळलं, तर वाईट काय? बायकांना एक दिवस चूल दुसऱ्याने पेटवलेली मिळते, हेही कमी नाही. पण दोन गोष्टी बोलायला हव्यात.

पहिली पाण्याची. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात करायला लावली. बाकीच्या उद्योगांनाही कात्री लागली. वाळूजचे कारखाने आणि शहराचे नळ, दोघेही जायकवाडीवर. शहरात पाणी कैक दिवसांआड येतं आणि नगर रस्त्याने हिरवळीवर फवारे उडतात, हे एकाच माणसाने एकाच दिवशी पाहिलं तर त्याला काय वाटेल? सांडपाणी शुद्ध करून झाडांना द्या, तळ्यात पावसाचं पाणी धरा, कृत्रिम पावसातलं नाचणं उन्हाळ्यात बंद ठेवा. अवघड काही नाही. नहर-ए-अंबरी बांधणाऱ्यांनी उताराचा हिशेब केला होता, आपण निदान टँकरचा करावा.

दुसरी गोष्ट फाटकाची. आमच्या कारखान्यातून दरवर्षी सहल निघे. जेवण, खेळ, संगीतखुर्ची, साहेबाची बायको पोतं पायात घालून शर्यतीत धावणारी. दिवसभर हुद्दे विसरले जात आणि ते खरंच छान असे. पण सहलीच्या यादीत कायम कामगारांची नावं असत. कंत्राटी मुलं त्याच यंत्रावर, त्याच पाळीत उभी, त्यांची नावं नसत. काही वर्षांनी यंत्रावर तीच मुलं जास्त झाली आणि सहलीची बस लहान झाली. चौघांच्या कुटुंबाने स्वतःच्या खिशातून अशा ठिकाणी जायचं तर कंत्राटी कामगाराची दोन-तीन दिवसांची कमाई जाते. तेव्हा तो कुठे जातो? आषाढी एकादशीला तो छोट्या पंढरपूरला जातो. वाळूजच्या वेशीवरचं हे विठ्ठलाचं देऊळ. त्या दिवशी नगर रस्त्यावर माणूस मावत नाही. दर्शन, फराळ, पोरांना शिट्टी आणि फुगा. वाळूजची सगळ्यात मोठी बिनतिकिटाची सहल ती हीच.

जवळच पाटोदा आहे. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना हे गाव राज्यात गाजलं. झाडं लावली, जगवली, आणि कर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं. मी ते पाहिलं तेव्हा मला पाणचक्कीच आठवली. झाड, पाणी आणि दळण, पुन्हा तेच तीन. गावाच्या झाडाखाली बसायला कोणी पैसे मागत नाही. खाम नदीचंही गेल्या काही वर्षांत शहरात साफसफाईचं आणि काठ सुधारण्याचं काम झालं आहे. तिचं पाणी वाळूजला येईपर्यंत स्वच्छ राहिलं, तर नदीकाठासारखी बाग दुसरी नाही, आणि तिला कुंपण घालायला जागाही मिळायची नाही.

मी मूळचा लातूरकडचा. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते, वेळ अमावास्या. लातूर, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकात हा सण. शेतात कडब्याची कोप करतात, तिच्यात पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात. घरून डोक्यावर नेलेली भज्जी, बाजरीचे उंडे, अंबील, गव्हाची खीर. त्या दिवशी लातूर शहरात दुकानं उघडी सापडणं मुश्किल, सगळे शेतात. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेताचं आवतण असतं, आणि वाटेने जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. वाळूजमध्ये या दिवसासाठी लातूरकडची मंडळी महिनाभर आधी रजेचा अर्ज टाकतात. आमच्या विभागात एका वर्षी इतके अर्ज आले की सुपरवायझरने चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांनी पाळी संपल्यावर कारखान्याच्या मागच्या मोकळ्या रानात लिंबाखाली डबे उघडले, पाच दगड मांडले. बिहारकडचे दोघे हेल्पर बाजूने चालले होते. त्यांना हाक मारली. त्यांनी विचारलं, कितने पैसे लगेंगे?